‘फाईल आमच्यावर सोडा’ म्हणणारा सल्लागार नेमताना: पैसे कशाचे द्यायचे आणि कधी द्यायचे?

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत हळद आणि सोयाबीन भरपूर पिकते. माल कच्चाच बाजारात नेण्यापेक्षा गावातच पावडर करावी, डाळ करावी, तेल काढावे आणि चार पैसे जास्त मिळवावेत, हा विचार आता नवा राहिलेला नाही. सरकारी योजना आहेत, बँकांना कर्जवाटपाचे उद्दिष्ट आहे आणि शिकून गावात परतलेली पोरंही काहीतरी करायच्या तयारीत आहेत.

या सगळ्यांच्या मधोमध एक नवा माणूस उभा राहिला आहे. तो स्वतःला सल्लागार म्हणवतो, कन्सल्टंट म्हणवतो, कुठे नुसता ‘फाईलवाला’ म्हणून ओळखला जातो. व्हॉट्सअॅपवर त्याची जाहिरात फिरते: ३५ टक्के अनुदान, कर्जाची हमी, फाईल आमच्यावर सोडा. भेटायला गेले की चहा येतो, आणि “काका, तुम्ही फक्त सह्या करा” हे वाक्यही येते.

यातले सगळेच फसवे नाहीत. काहीजण मनापासून काम करतात आणि लोकांचे खेटे वाचवतात. पण चांगला कोण आणि वाईट कोण, हे बोलण्यावरून कळत नाही. ते एका साध्या प्रश्नावरून कळते: हा माणूस पैसे नेमके कशाचे घेतो आणि कधी घेतो?

नाव एक, कामे चार

‘बिझनेस कन्सल्टंट’ व्हायला आपल्याकडे परवाना लागत नाही. डॉक्टर, वकील किंवा सीए व्हायला परीक्षा आणि नोंदणी लागते. सल्लागार व्हायला एक बोर्ड आणि एक लॅपटॉप पुरतो. त्यामुळे एकाच नावाखाली चार वेगवेगळी कामे विकली जातात.

पहिले काम कागदांचे: ऑनलाइन अर्ज भरणे, आधार-पॅन-सातबारा जोडणे, उद्यम नोंदणी काढणे. दुसरे काम आकड्यांचे: प्रकल्प अहवाल म्हणजे डीपीआर बनवणे आणि हप्ता झेपेल का ते मांडणे. तिसरे काम तंत्राचे: कोणते मशीन, किती क्षमतेचे, वीज किती लागेल, मालात ओलावा किती राहिला तर पाकिटात बुरशी येईल. चौथे काम विक्रीचे: माल कोण घेणार, कोणत्या भावाने आणि किती दिवसांच्या उधारीवर.

गावाकडचा बहुतेक सल्लागार पहिले काम चांगले करतो आणि दुसरे जमवून नेतो. तिसऱ्या-चौथ्या कामात त्याला फारसे काही कळत नसते. आणि धंदा बुडतो तो नेमका तिसऱ्या-चौथ्या कामात. म्हणून सल्लागार शोधायच्या आधी आपल्याला यातली कोणती मदत हवी आहे, हे घरात बसून ठरवावे लागते. चारही कामे एकटाच करतो म्हणणाऱ्याकडे जरा सावधपणेच बघावे.

जे फुकट आहे, त्याचेही पैसे

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत आहे. जीएसटी नोंदणीलाही सरकारी फी नाही. पीएमईजीपी या रोजगार निर्मिती योजनेचा ऑनलाइन अर्ज मोफत आहे आणि ती राबवणाऱ्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने कोणताही खासगी एजंट नेमलेला नाही. मुद्रा कर्जासाठीही एजंट किंवा मध्यस्थ नेमलेले नाहीत, हे मुद्रा संस्थेने स्वतःच जाहीर केलेले आहे.

याचा अर्थ अर्ज भरून देणाऱ्याला काहीच देऊ नये, असा नाही. त्याचा वेळ जातो, नेट लागते, प्रिंट लागतात. टायपिंगची आणि मेहनतीची मजुरी रास्तच आहे. पण ‘सरकारी फी’ म्हणून हजारो रुपये मागितले तर पावती मागावी. पावती द्यायला टाळाटाळ झाली की समजावे, फी सरकारची नाही.

अन्नप्रक्रियेसाठी तर सरकारने सल्लागारच नेमून दिला आहे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना, म्हणजे पीएमएफएमई, २९ जून २०२० रोजी जाहीर झाली. तिच्यात पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान आहे. अर्जदाराचा स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के लागतो, बाकी बँकेचे कर्ज. या योजनेत ‘जिल्हा संसाधन व्यक्ती’ असते. अर्ज, प्रकल्प अहवाल, बँक, अन्न परवाना, उद्यम आणि जीएसटी नोंदणी या सगळ्यांत मदत करणे हे तिचे कामच आहे. तिचे मानधन सरकार देते. अर्जदाराने तिला एक रुपयाही द्यायचा नसतो. नाव आणि नंबर तालुका कृषी अधिकारी कार्यालयात मिळतो. योजनांची मुदत आणि निकष बदलत असतात, तेही तिथेच विचारून घ्यावेत.

मग लोक खासगी माणसाकडे का जातात? कारणे उघड आहेत. एका संसाधन व्यक्तीकडे बरीच गावे असतात, फोन लागत नाही. संकेतस्थळावरची भाषा कळत नाही. आणि बँकेतला साहेबच कधी कधी सांगतो, “रिपोर्ट बनवून आणा.” कुठून, ते सांगत नाही. ही पोकळी खरी आहे, म्हणूनच एजंट टिकून आहे.

टक्केवारीचे गणित

बरेच सल्लागार मंजूर कर्जावर टक्का घेतात. “आधी काही देऊ नका, काम झाल्यावर द्या,” हे ऐकायला बरे वाटते. पण यात एक मेख आहे. कर्ज जितके मोठे, तितका त्याचा टक्का मोठा. आणि त्याच्यासाठी ‘काम झाले’ म्हणजे कर्ज मंजूर झाले. कर्ज घेणाऱ्याचे काम तर त्या दिवशी सुरू होते.

आता ३५ टक्के आणि १० लाखांची मर्यादा एकत्र बघा. सुमारे २८ लाख ५७ हजारांच्या प्रकल्पावर अनुदान बरोबर १० लाख होते. त्यामुळे गरज १५ लाखांची असली तरी प्रकल्प २८ लाखांकडे ओढायचा मोह होतो. “काका, अनुदान पूर्ण घ्या की, सोडता कशाला?” या वाक्यामागचे गणित मांडून बघू.

प्रकल्प १५ लाखांचा असेल तर स्वतःचे दीड लाख, कर्ज साडेतेरा लाख, अनुदान ५ लाख २५ हजार. व्याज साडेदहा टक्के आणि मुदत ७ वर्षे धरली तर महिन्याचा हप्ता साधारण २२ हजार ७०० रुपये येतो.

प्रकल्प २८ लाखांचा केला तर स्वतःचे २ लाख ८० हजार, कर्ज २५ लाख २० हजार, अनुदान ९ लाख ८० हजार. हप्ता मात्र साधारण ४२ हजार ५०० रुपये.

म्हणजे अनुदान वाढले ४ लाख ५५ हजारांनी, पण प्रकल्प वाढला १३ लाखांनी. वरचे ८ लाख ४५ हजार शेवटी घरातूनच जाणार, शिवाय व्याज. हप्ता दर महिन्याला जवळपास २० हजारांनी वाढला. सल्लागाराचा टक्का ५ असेल तर त्याला पहिल्या प्रकल्पात ६७ हजार ५०० मिळतात आणि दुसऱ्यात १ लाख २६ हजार. मोठा प्रकल्प कोणाच्या फायद्याचा, हे वेगळे सांगायला नको.

अनुदान हातात रोख मिळते, हाही गैरसमज आहे. पीएमएफएमईत अनुदानाची रक्कम बँकेत वेगळ्या खात्यात ठेवली जाते. ३ वर्षे कर्जखाते नियमित राहिले आणि उद्योग सुरू राहिला तर ती कर्जात वळती होते. मध्येच खाते थकीत, म्हणजे एनपीए झाले, तर बँक ती रक्कम थकबाकीकडे वळवते. थोडक्यात, तीन वर्षे धंदा चालला तरच अनुदानाचा खरा उपयोग. चालवायची हमी मात्र कुठलाच टक्केवारीवाला देत नाही.

याहून धोक्याची आणखी एक ऑफर असते. “स्वतःचा हिस्सा भरायची गरज नाही, मशीनच्या कोटेशनमध्ये बसवून देतो.” म्हणजे १० लाखांच्या मशीनचे कोटेशन १२ लाखांचे करायचे. ही सोय नाही, बँकेची फसवणूक आहे. कागदावर सही सल्लागाराची नसते, कर्जदाराची असते. उद्या चौकशी झाली तर सल्लागाराचा फोन बंद आणि नोटीस घरी. शिवाय ज्या सल्लागाराला मशीनवाल्याकडूनही कमिशन मिळते, तो स्वस्त आणि पुरेसे मशीन कशाला सुचवेल? तो कोणाकोणाकडून पैसे घेतो, हे तोंडावर विचारायला लाज वाटू देऊ नये.

अहवालात जे नसते

हळद पावडरचा एखादा नमुना अहवाल घ्या. त्यात मशीन, शेड, वीजजोडणी, कामगार सगळे असते. वर्षात ३०० दिवस काम आणि रोज ५ क्विंटल दळण, असे लिहिलेले असते. नफाही छान दिसतो.

आता हेच आकडे उलटे वाचा. ३०० दिवस रोज ५ क्विंटल म्हणजे वर्षाला १,५०० क्विंटल हळद. क्विंटलला १२ हजार भाव धरला तर १ कोटी ८० लाखांचा कच्चा माल. फक्त दोन महिन्यांचा साठा करायचा म्हटले तरी २५० क्विंटल, म्हणजे ३० लाख रुपये. हे पैसे कुठून येणार? मशीनच्या कर्जातून येत नाहीत. त्यासाठी वेगळे खेळते भांडवल लागते. हळदीची काढणी, शिजवणी, वाळवणी आणि पॉलिश हे सगळे उन्हाळ्याच्या आसपास उरकते. त्या वेळी माल भरून ठेवला नाही तर पुढे वरच्या भावाने घ्यावा लागतो, नाहीतर मशीन झाकून ठेवावे लागते.

आणि तयार पावडर कोण घेणार? किराणा दुकानदार उधारीवर ठेवतो. मोठा खरेदीदार आधी प्रयोगशाळेचा अहवाल मागतो. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा फायदा घ्यायचा तर त्याची वेगळी नोंदणी आणि दर्जा सांभाळावा लागतो. गावोगाव फिरणाऱ्या एकाच साच्यातल्या अहवालात हे काहीच नसते. नाव आणि गाव बदलले की तोच अहवाल पुढच्या माणसाला चालतो.

म्हणून चांगल्या सल्लागाराची पहिली खूण अशी की तो आधी प्रश्न विचारतो. माल कुठे विकणार? घरात हिशोब कोण लिहितो? थ्री फेज वीज किती तास असते? एक हंगाम भाव पडला तर हप्ता कशातून भरणार? आणि दुसरी खूण: तो कधीतरी ‘हे करू नका’ असेही म्हणतो. ज्याला प्रत्येक प्रकल्प चांगलाच वाटतो, तो सल्लागार नाही, विक्रेता आहे.

सरकार आपल्या माणसाला कसे पैसे देते?

पीएमएफएमईच्या नियमांत शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. जिल्हा संसाधन व्यक्तीला प्रत्येक मंजूर प्रकरणामागे २० हजार रुपये ठरलेले आहेत, पण ते एकदम मिळत नाहीत. अर्धे बँकेचे कर्ज मंजूर झाल्यावर मिळतात. उरलेले अर्धे जीएसटी आणि उद्यम नोंदणी, अन्न सुरक्षेच्या अटींची पूर्तता, प्रशिक्षण आणि प्रकल्पाची प्रत्यक्ष उभारणी झाल्यावर.

म्हणजे सरकारही नुसत्या मंजुरीवर पूर्ण पैसे देत नाही, आणि रक्कमही कर्जाच्या आकाराप्रमाणे वाढत नाही. १० लाखांचे प्रकरण असो की ३० लाखांचे, २० हजारच. गावातल्या उद्योजकानेही खासगी सल्लागाराशी हाच नियम लावावा. टक्का नाही, ठरावीक रक्कम. एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. अहवाल समजावून दिल्यावर काही भाग, मंजुरीनंतर काही भाग आणि मशीन सुरू होऊन पहिला माल विकला गेल्यावर शेवटचा भाग. शेवटचा भाग लहान ठेवू नये. तो राहिला तरच सल्लागार परत शेडवर येतो.

नेमण्याआधीची तपासणी

पहिली गोष्ट, त्याने आधी उभे केलेले तीन उद्योग बघावेत, तेही दोन वर्षांपूर्वीचे. कालच मंजुरी मिळालेला माणूस खूशच असतो. दोन वर्षे हप्ते भरलेला माणूस खरे सांगतो. जायचे तर न सांगता जावे. मशीन चालू आहे की त्यावर ताडपत्री आहे, ते डोळ्यांनी दिसते.

दुसरी गोष्ट, प्रकल्प अहवाल मराठीत समजावून घ्यावा. महिन्याला किती माल विकला तर हप्ता, वीजबिल आणि मजुरी निघते, हा एक आकडा तोंडपाठ असावा. तो ज्याला सांगता येत नाही, त्याने अहवालाखाली सही करू नये.

तिसरी गोष्ट, सीएची सही असलेल्या प्रमाणपत्रावर १८ अंकी यूडीआयएन क्रमांक असतो. तो सीए संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. क्रमांक नसेल किंवा जुळत नसेल तर शिक्का खोटा असू शकतो.

चौथी गोष्ट, ओटीपी, पासवर्ड आणि डिजिटल सही दुसऱ्याच्या हातात देऊ नये. उद्यम, जीएसटी आणि योजनेच्या अर्जावर मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच टाकावा. दुसऱ्याच्या पॅन-आधारवर जीएसटी नंबर काढून खोटी बिले फाडल्याची प्रकरणे देशभर उघडकीस आली आहेत. नंबर सल्लागाराचा असेल तर आपल्या नावावर काय चालले आहे, हे आपल्यालाच कळत नाही. ऑनलाइन पैशांची फसवणूक झालीच तर लगेच १९३० या नंबरवर तक्रार करावी.

पाचवी गोष्ट, काम काय, किती दिवसांत, किती रुपयांत आणि कर्ज नामंजूर झाले तर पैशांचे काय, हे एका कागदावर मराठीत लिहून दोघांनी सही करावी. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्यावेत. “एवढा विश्वास नाही का दादा?” असे कोणी म्हटले तर सरळ उत्तर द्यावे: विश्वास आहे, म्हणूनच लिहून ठेवू.

तंत्राच्या सल्ल्यासाठी मात्र सरकारी दारे आधी ठोठवावीत. तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. शेजारी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालय आहे. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत राहून-खाऊन मोफत प्रशिक्षण मिळते. जिल्हा उद्योग केंद्र आहे. इथले खेटे घातल्यावरही जे अडते, तेवढ्यासाठीच खासगी जाणकाराला पैसे द्यावेत, आणि तो जाणकार खरा असेल तर हात आखडू नये. योग्य क्षमतेचे मशीन सांगणाऱ्या माणसाचे दहा हजार पुढे लाख वाचवतात.

शेतकरी कंपन्यांचे दुखणे वेगळे

एकट्या उद्योजकापेक्षा शेतकरी उत्पादक कंपन्या सल्लागारावर जास्त अवलंबून असतात. केंद्राच्या २०२० च्या दहा हजार एफपीओ योजनेतल्या कंपन्यांना मदतीसाठी एक संस्था जोडून दिलेली असते, तिला सीबीबीओ म्हणतात. एका कंपनीच्या उभारणीसाठी आणि पाच वर्षे सोबत राहण्यासाठी या संस्थेला २५ लाखांपर्यंत खर्च मंजूर आहे. शिवाय कंपनीला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळू शकतो.

तरीही अनेक संचालकांना सीबीबीओ म्हणजे काय, हेच माहीत नसते. ज्या कामाचे पैसे सरकारने आधीच दिले आहेत, त्याच कामासाठी कंपनी वेगळा सल्लागार नेमते. संचालकांनी मासिक बैठकीत सीबीबीओच्या माणसाला बोलावून, या महिन्यात काय केले, हे लेखी मागावे. तो त्यांचा हक्क आहे.

दुसरी बाजू वार्षिक कागदपत्रांची. ताळेबंद आणि वार्षिक विवरण वेळेत भरले नाही तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये दंड चढतो. एका वर्षाचे दोन फॉर्म राहिले तर दिवसाला २००, वर्षाला ७३ हजार. सलग तीन वर्षे विवरण भरले नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरू शकतात. ‘साहेब बघतात’ म्हणून सगळे सल्लागारावर सोडलेल्या कंपनीला हे नोटीस आल्यावरच कळते. म्हणून दरवर्षी भरलेल्या फॉर्मची पोचपावती वार्षिक सभेत सभासदांसमोर ठेवावी. पोचपावती नसेल तर काम झालेले नाही.

प्रशासनाने करायचे काम

हा भार सगळा गावकऱ्यावर टाकून चालणार नाही. जिल्हा संसाधन व्यक्तीचे नाव, नंबर आणि ‘ही सेवा मोफत आहे’ हे वाक्य प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि बँक शाखेच्या फलकावर लागायला हवे. तालुका कृषी कार्यालयात आठवड्यातला एक वार ठरवून संसाधन व्यक्ती आणि बँकेचा अधिकारी एकत्र बसले तर अर्ध्याहून जास्त खेटे वाचतील. ‘रिपोर्ट बनवून आणा’ म्हणणाऱ्या शाखेने तो फुकट कुठे बनतो, हेही सांगायला हवे. आणि जिल्ह्याने मंजूर प्रकरणांच्या आकड्यासोबत तीन वर्षांनंतर सुरू असलेल्या उद्योगांचा आकडाही जाहीर करावा. नुसत्या मंजुरीची संख्या मोजली जाते, तोवर सल्लागारही मंजुरीच विकणार.

तोपर्यंत व्यवहार साधा ठेवलेला बरा. मोफत कामाचे पैसे द्यायचे नाहीत, टक्का ठरवायचा नाही, सही आणि ओटीपी आपल्याच हातात ठेवायचा आणि शेवटचा हप्ता माल विकल्याशिवाय सोडायचा नाही. या चार अटी ऐकून जो सल्लागार उठून जाईल, तो गेला तरी नुकसान नाही. जो बसून राहील आणि वही काढून पहिला प्रश्न विचारेल, त्याच्याशी पुढचे बोलावे.